घोट्याचा कृत्रिम सांधा: यश कशाने मोजायचे?

घोट्याचा सांधा पुरता खराब झालेल्या माणसापुढे आज प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया असतात. पहिलीत नडगीचे हाड आणि त्याखालचे टॅलस यांच्यामधली उरलीसुरली कूर्चा खरवडून काढतात आणि स्क्रू किंवा पट्टी घालून दोन्ही हाडे एकजीव करतात. सांधा संपतो आणि त्याबरोबर वेदनाही संपावी अशी अपेक्षा असते. याला फ्यूजन म्हणतात. दुसरीत दोन्ही हाडांची झिजलेली टोके कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिइथिलीनची चकती ठेवतात. वेदना जावी आणि हालचाल मात्र राहावी, हा तिचा हेतू. या दोहोंत सरस कोणती, हा वाद पन्नास वर्षे चालू आहे आणि त्याचा निकाल बहुधा एकाच आकड्यात मागितला जातो: बसवलेल्या सांध्यांपैकी दहा वर्षांनी किती टक्के जागेवर असतात? हा आकडा लागतोच, त्याशिवाय बोलणे पोकळ ठरेल. पण तो सांध्याची हकिगत सांगतो, माणसाची फार थोडी सांगतो. घोटा बदलल्यानंतरचे यश कोणत्या कंपनीचा सांधा बसवला यापेक्षा तीन गोष्टींवर अधिक ठरते, असे उपलब्ध पुरावा पाहून माझे मत झाले आहे. कुणाचा घोटा बदलला, तो किती वाकडा होता आणि निकालाची मोजणी कुणी केली, या त्या तीन गोष्टी. पुढचे सारे विवेचन या एका मताच्या आधाराने वाचावे.

आधी या दुखण्याचे वजन समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडे घोट्याचे दुखणे गुडघ्याच्या मानाने किरकोळ समजले जाते. कॅनडातील सर्जनांच्या एका गटाने 2008 साली घोट्याच्या अखेरच्या टप्प्यातील संधिवाताचे रुग्ण आणि खुब्याच्या तशाच टप्प्यातील रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. शारीरिक आणि मानसिक असमर्थता दोन्ही गटांत सारखीच तीव्र होती. ज्या खुब्यासाठी शस्त्रक्रिया करायची की नाही असा प्रश्नही आज कुणी विचारत नाही, त्या खुब्याइतकाच हा घोटा माणसाला घरात बसवतो. फरक संख्येत आहे. ब्रिटनमध्ये दर वर्षी सुमारे 29,000 रुग्ण घोट्याच्या संधिवातासाठी तज्ज्ञांकडे पाठवले जातात असा 2012 मधला अंदाज आहे. तिथे गुडघे मात्र दर वर्षी लाखाच्या घरात बदलले जातात. संख्या कमी असल्याने अनुभव कमी जमा होतो, अनुभव कमी म्हणून सुधारणा सावकाश होते, आणि सुधारणा सावकाश म्हणून सर्जन व रुग्ण दोघेही कचरतात.

दुसरा मोठा फरक कारणाचा आहे. गुडघा आणि खुबा बहुतेकांचा वयामुळे झिजतो. घोटा तसा क्वचितच झिजतो. अमेरिकेतील आयोवा येथे 639 रुग्णांच्या पाहणीत सुमारे 70 टक्के घोटे जुन्या दुखापतीमुळे खराब झालेले आढळले, तर रूमॅटॉइड संधिवाताचे 12 टक्क्यांच्या आसपास होते. हाड मोडलेले असते, ते वाकडे जुळलेले असते, किंवा वारंवार मुरगळून अस्थिबंध सैल पडलेले असतात. याचा अर्थ हा रुग्ण गुडघ्याच्या रुग्णापेक्षा तरुण असतो, त्याच्या पायावर आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण असतात, हाडाचा आकार बिघडलेला असतो आणि त्याला त्या सांध्याकडून अजून वीस-तीस वर्षे काम करून घ्यायचे असते. सांधेरोपणाला सर्वांत प्रतिकूल ठरणाऱ्या या साऱ्या गोष्टी घोट्याच्या बाबतीत नेमक्या एकत्र येतात.

त्यात शरीररचनेची अडचण आहे. घोट्यातली कूर्चा दीड मिलीमीटरच्या आसपास पातळ असते, गुडघ्यातली काही ठिकाणी तिच्या चौपट जाड असते. भार पेलताना घोट्यात हाडाला हाड टेकते ते क्षेत्र गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या साधारण एक तृतीयांश. आणि चालताना त्या लहानशा जागेवर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. निरोगी घोटा हे सहज पेलतो, कारण टॅलस हे हाड वरच्या खोबणीत अगदी नेटके बसलेले असते. तो नेटकेपणा किती नाजूक आहे हे रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी 1976 साली दाखवले. टॅलस बाहेरच्या बाजूला केवळ एक मिलीमीटर सरकले, तर संपर्काचे क्षेत्र 42 टक्क्यांनी घटते. घोट्याजवळचे मोडलेले हाड थोडेसे वाकडे जुळले तरी चालेल असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. हाडवैद्याकडे पट्टी बांधून, सूज उतरली म्हणजे हाड बरे झाले असे समजून चालू लागलेल्या माणसाचा घोटा पुढच्या दहा-पंधरा वर्षांत का खराब होतो, याचे बरेचसे उत्तर त्या एका मिलीमीटरमध्ये आहे. सर्जनच्या अडचणीही येथूनच सुरू होतात. टॅलसला रक्तपुरवठा मर्यादित, ते कापायचे तर थोडेच कापता येते. वरची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी-स्नायूंची गादी जवळजवळ नाही, त्यामुळे जखम भरणे हीच एक परीक्षा असते.

म्हणूनच खुब्याचे यश पाहून घोट्याकडे वळलेल्यांना पहिल्या पिढीत मोठा फटका बसला. फ्यूजन जुने आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या एडवर्ड आल्बर्ट यांच्यापासून ते चालत आले. जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आजचे रूप दिले आणि मग शरीरातला प्रत्येक सांधा बदलता येईल असे वाटू लागले. फ्रान्समध्ये लॉर्ड आणि मारोत यांनी 1970 साली घोट्याचा पहिला कृत्रिम सांधा बसवला. त्याची घडण खुब्याच्या सांध्यावरूनच उचललेली होती: नडगीच्या हाडात लांब दांडा, खाली सिमेंटने बसवलेली वाटी. त्यांनी पुढे दिलेला निकाल प्रामाणिक होता. 25 पैकी 7 समाधानकारक, 12 पूर्ण अपयशी. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 1974 पासून स्वतःच्या घडणीचे 204 सांधे बसवले. त्यांपैकी जागेवर टिकण्याचे प्रमाण पाच वर्षांनी 79 टक्के, दहा वर्षांनी 65 आणि पंधरा वर्षांनी 61 टक्के निघाले. मेयोने ते स्वतः छापले आणि तो सांधा वापरू नये असे सांगितले. 1985 मध्ये ग्लासगोचे हॅम्ब्लेन यांनी ब्रिटनच्या अस्थिशल्यक्रियेच्या प्रमुख नियतकालिकात घोटा बदलता येतो का असा प्रश्न विचारून, तेव्हाच्या तंत्राने येत नाही असे स्पष्ट उत्तर दिले. त्या काळच्या पुराव्यावर दुसरे उत्तर देणे शक्यच नव्हते, आणि आपल्या मोठ्या आशा फोल ठरल्याचे उघडपणे मांडणाऱ्या या लोकांचे ऋण पुढच्या पिढ्यांवर आहे.

पुढे घडण बदलली. सिमेंट मागे पडले, हाड धातूच्या खडबडीत पृष्ठभागात वाढून तो धरून ठेवू लागले. कापायचे हाड कमी झाले. डेन्मार्कच्या हाकॉन कोफोड यांचा स्टार, अमेरिकेत फ्रँक अल्वाइन यांचा अजिलिटी, स्वित्झर्लंडच्या बीट हिंटरमन यांचा हिंटेग्रा, फ्रान्समधून आलेला साल्टो, अशी नावे रूढ झाली. युरोपात मधली चकती मोकळी सरकणारे तीन भागांचे सांधे अधिक वापरात आले. अमेरिकेत मात्र तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांमुळे चकती घट्ट बसवलेले दोन भागांचे सांधेच बहुतेक रुग्णांना मिळाले. मोकळ्या चकतीच्या स्टारला तिथे 2009 मध्ये मान्यता मिळाली. ही तफावत पुढे एका महत्त्वाच्या निकालात डोके वर काढते, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

या नव्या पिढीचे टिकण्याचे आकडे पाहू लागले की वाचक गोंधळतो, आणि त्या गोंधळाचे कारण समजून घेणे हेच माझ्या मते या विषयातले सर्वांत उपयुक्त ज्ञान आहे. 2013 साली लंडनच्या एका गटाने 58 निबंधांतील 7,942 सांध्यांचा एकत्रित अभ्यास केला. दहा वर्षांनी 89 टक्के सांधे जागेवर होते, म्हणजे दर वर्षी सुमारे सव्वा टक्का सांधे निकामी होत होते. वाचून हायसे वाटते. पण स्वीडनमध्ये देशभरातील प्रत्येक घोट्याची नोंद ठेवणारी रजिस्ट्री आहे. तिच्या 780 सांध्यांचा 2011 मधला निकाल दहा वर्षांनी 69 टक्के इतकाच आहे. वीस टक्क्यांचा हा फरक कुठून आला? 2011 मध्येच ऑस्ट्रियाच्या लाबेक आणि सहकाऱ्यांनी अशा फरकाचा छडा लावला होता. प्रकाशित निबंधांतील जवळजवळ निम्मी माहिती त्या सांध्याच्या निर्मात्यांच्या गटांतून आलेली होती, आणि देशव्यापी नोंदींत सांधा पुन्हा उघडण्याचे प्रमाण त्यांच्या निकालांपेक्षा बरेच जास्त होते. निर्माते खोटे बोलत होते असा याचा अर्थ नाही. ते आपल्या सांध्याची प्रत्येक खाच जाणतात, वर्षाला शेकडो घोटे पाहतात, रुग्ण निवडून घेतात, त्यामुळे त्यांच्या हातून खरोखरच चांगला निकाल येतो. मात्र तो निकाल इतरांच्या हातून तसाच येईल असे गृहीत धरून रुग्णाला आकडा सांगणे ही दिशाभूल आहे. स्वीडनच्या निकालात जुन्या पिढीचे सांधे आणि नव्याने शिकणारे सर्जनही आहेत हा आक्षेप रास्त आहे, आणि अलीकडच्या रजिस्ट्रींत आकडे सुधारलेले दिसतात. तरीही रुग्णाला लागू पडणारा आकडा हा त्याचा सर्जन ज्या गटात मोडतो त्या गटाचा असतो. निबंधातला सर्वोत्तम आकडा त्याचा नसतो.

जागेवर असणे आणि यशस्वी असणे यांतही अंतर आहे. रजिस्ट्रीत अपयश म्हणजे धातूचा भाग काढणे किंवा बदलणे. ज्याचा सांधा पक्का आहे पण दर पावलागणिक दुखतो, त्याची गणना यशात होते. उलट, जखम न भरल्याने दोनदा शस्त्रक्रियागृहात गेलेल्या पण शेवटी आनंदाने चालणाऱ्या रुग्णाचे दुःख कुठेच मोजले जात नाही. सांध्याच्या अपयशाचा एक प्रकार तर अनेक वर्षे निःशब्द असतो. पॉलिइथिलीनचे सूक्ष्म कण झडतात, शरीर त्यांना प्रतिसाद देते आणि धातूभोवतीच्या हाडात पोकळ्या पडत जातात. एईएस नावाचा सांधा सुरुवातीला चांगला वाटला आणि याच पोकळ्यांमुळे बाजारातून गेला. स्टारची चकती अपेक्षेपेक्षा अधिक वेळा मोडत असल्याचा इशारा अमेरिकेच्या प्रशासनाने 2021 मध्ये दिला, म्हणजे मान्यतेनंतर बारा वर्षांनी. म्हणून घोटा बदललेल्या माणसाने काही दुखत नसले तरी ठरावीक काळाने एक्स-रे काढून घेतला पाहिजे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे प्रकरण संपले, असे या सांध्याबाबत म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. फ्यूजन केले की माणूस लंगडा होतो, अशी एक सार्वत्रिक भीती आहे. ती बरीचशी निराधार आहे. नीट कोनात जुळलेला घोटा असलेला माणूस सपाट जमिनीवर चांगला चालतो, कारण पायाच्या पुढच्या भागातले लहान सांधे काही हालचाल उचलून धरतात, आणि तळ गोलसर असलेले बूट मदतीला येतात. पण त्याची किंमत हेच लहान सांधे पुढे चुकवतात. फ्यूजननंतर सरासरी 22 वर्षांनी तपासलेल्या 23 रुग्णांच्या एका अमेरिकी पाहणीत, 2001 साली, बहुतेकांच्या त्याच पायातल्या खालच्या सांध्यांत लक्षणीय झीज दिसली आणि तिचा रोजच्या जगण्यावर परिणाम होत होता. हाडे न जुळण्याचा धोका वेगळा. तंबाखू ओढणाऱ्यांत तो बराच वाढतो. कॅलिफोर्नियातील 4,705 फ्यूजन आणि 480 सांधेरोपणांच्या 2007 मधल्या अभ्यासात हा सौदा अगदी उघड दिसतो. पाच वर्षांत मोठी पुनर्शस्त्रक्रिया सांधेरोपणानंतर 23 टक्क्यांना आणि फ्यूजननंतर 11 टक्क्यांना लागली. त्याच काळात खालचा सांधा जोडण्याची वेळ फ्यूजनवाल्यांवर 2.8 टक्के आली, सांधेरोपणवाल्यांवर 0.7 टक्के. एक शस्त्रक्रिया स्वतः जास्त बिघडते, दुसरी शेजाऱ्यांना बिघडवते.

हे सारे अभ्यास निवडलेल्या रुग्णांचे होते. सर्जनने ज्याला जे योग्य वाटले ते केले आणि नंतर तुलना केली. अमेरिकेतील सहा केंद्रांत 517 रुग्णांच्या 2019 मधल्या निकालात दोन वर्षांनी सांधेरोपणवाले पुढे दिसले, पण त्यांना ती शस्त्रक्रिया मिळाली तेव्हाच ते वेगळे होते. कॅनडातील 388 घोट्यांच्या निकालात, सरासरी साडेपाच वर्षांनी, वेदना आणि हालचालींचे गुण दोन्ही गटांत सारखेच सुधारले. पुनर्शस्त्रक्रिया मात्र फ्यूजननंतर 7 टक्के आणि सांधेरोपणानंतर 17 टक्के. खरी कसोटी लागली ती ब्रिटनमधील टारव्हा चाचणीत. 17 सरकारी केंद्रांत 50 ते 85 वयाच्या 303 रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने दोन गटांत वाटले गेले आणि 282 जणांवर शस्त्रक्रिया झाली. निकाल 2022 मध्ये आला. चालणे-उभे राहणे यांच्या शंभर गुणांच्या मापावर एका वर्षात सांधेरोपणाने सुमारे 50 गुणांची सुधारणा दिली, फ्यूजनने सुमारे 44 गुणांची. दोहोंतला फरक 5.6 गुणांचा, आणि तो केवळ योगायोगाने आला नसेल असे ठामपणे सांगण्याइतका नव्हता. त्रास दोन्हींत जवळजवळ सारखाच झाला, पण वेगवेगळ्या रूपांत: सांधेरोपणात जखमा न भरणे आणि मज्जातंतूंना इजा अधिक, फ्यूजनमध्ये रक्ताच्या गुठळ्या थोड्या अधिक आणि 12 टक्के रुग्णांत एक्स-रेवर हाडे न जुळलेली. याच निकालात मागाहून केलेल्या एका विभागणीत घट्ट चकतीचे सांधे फ्यूजनपेक्षा सरस दिसले. मात्र मागाहून केलेली विभागणी दिशा दाखवते, निर्णय देत नाही, कारण कोणत्या रुग्णाला कोणती चकती द्यायची हे चिठ्ठीने ठरलेले नव्हते.

यावर व्यवहारी माणूस लगेच म्हणेल: दोन्ही सारखेच तर स्वस्त आणि टिकाऊ ते करा, म्हणजे फ्यूजन करा. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात जाणे परवडणारे नाही, त्याच्या बाबतीत तर तो बहुधा बरोबर असतो. पण तो सरासरीला माणूस समजतो. टारव्हातील सरासरी दोन प्रकारच्या माणसांची मिळून बनलेली आहे. पन्नाशी उलटलेला, एकच घोटा खराब झालेला, खालचे सांधे शाबूत असलेला, दिवसभर उभ्याने आणि वजन उचलून काम करणारा माणूस घ्या. त्याला फ्यूजनच दीर्घकाळ साथ देईल. आता पासष्ट वर्षांची, रूमॅटॉइडने दोन्ही घोटे आणि खालचे सांधे गेलेली स्त्री घ्या. तिचे दोन्ही घोटे जखडले तर उरलेली लवचीकताही जाईल, जिन्यावरून उतरणे आणि खुर्चीतून उठणे कठीण होईल. तिच्यासाठी सांधा बदलणे हा चैनीचा पर्याय नाही. ज्याचा खालचा सांधा आधीच जोडलेला आहे, त्याचे गणितही असेच. दोन्ही शस्त्रक्रियांची सरासरी सारखी निघाली यातून मला एवढेच दिसते की निवड अधिक काळजीने करायला हवी.

फारच वाकडे झालेले घोटे हा या निवडीचा सर्वांत अवघड भाग. पूर्वी दहा-पंधरा अंशांपेक्षा अधिक वाकडेपणा असला की सांधा बदलू नये असा दंडक होता, आणि त्याला आधार होता. 2004 साली अमेरिकेतील हॅस्केल आणि मान यांनी दाखवले की आधीच तिरका बसलेला टॅलस नव्या सांध्यालाही एका कडेवर झुकवतो, आणि कडेवर भार आला की चकती लवकर खलास होते. पण नंतरच्या अभ्यासांत वाकड्या घोट्यांचे निकाल सरळ घोट्यांच्या तोडीचे आलेले आहेत, एका अटीवर: सर्जनने आतले अस्थिबंध सैल करणे, बाहेरचे घट्ट करणे, टाचेचे हाड कापून सरळ करणे, पोटरीचा आखडलेला स्नायू लांबवणे हे सारे त्याच वेळी किंवा आधी केले पाहिजे. म्हणजे धातूचा सांधा हा या शस्त्रक्रियेचा सोपा भाग आहे, खरे काम त्याच्या भोवतालचे आहे. ते न करता नुसता सांधा बसवणे म्हणजे भिंत तिरकी असताना दार नवे लावणे. आणि काही घोट्यांना तो बसवूच नये. जंतुसंसर्ग अजून जिवंत असलेला, टॅलस बहुतांशी मृत झालेला, पायाला रक्तपुरवठा अपुरा असलेला, आणि मधुमेहामुळे संवेदना जाऊन हाडे चुरा झालेला चारकोटचा घोटा, हे सारे त्यात येतात. महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण पाहता शेवटची अट प्रत्येक सल्लामसलतीत पहिली विचारली गेली पाहिजे.

परदेशी आकडे आपल्याला लागू पडतात का, हाही आक्षेप रास्त आहे. हाड आणि धातू यांचे नाते पुण्यात आणि ब्रिस्टलमध्ये सारखेच. चकती किती झिजते हे देशावर ठरत नाही. पण यश कशाला म्हणायचे, हे नक्की देशावर ठरते. टारव्हात वापरलेली मँचेस्टर-ऑक्सफर्ड प्रश्नावली सोळा प्रश्नांची आहे. दूर चालणे टाळता का, चालण्याऐवजी बस किंवा मोटार घेता का, पायात घालाव्या लागणाऱ्या बुटांचा संकोच वाटतो का, रात्री दुखते का, असे ती विचारते. उकिडवे बसता येते का, मांडी घालता येते का, अनवाणी चालता येते का, भाताच्या खाचरात चिखलात उभे राहता येते का, हे ती विचारत नाही, कारण ज्यांच्यासाठी ती बनली त्यांच्या दिनक्रमात हे नव्हते. कोकणातल्या लावणीच्या दिवसांत किंवा गावाकडच्या संडासात घोट्याला जे करावे लागते, त्याला गुण देणारा रकानाच त्यात नाही. टाचा टेकवून उकिडवे बसायला पाऊल वर सुमारे तीस अंश किंवा त्याहून अधिक झुकावे लागते. सांधेरोपणानंतर एकूण हालचाल बहुधा आधी होती तेवढीच राहते किंवा थोडीशी वाढते. सपाट चालण्याला ती पुरते, उकिडवे बसायला सहसा पुरत नाही. फ्यूजननंतर तर प्रश्नच नाही. म्हणून कृत्रिम घोट्याने पूर्वीसारखे खाली बसता येईल असे कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडे त्याचा पुरावा मागावा. जयपूरला प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाऊल बनवले तेव्हा त्यांनी उकिडवे बसणे आणि अनवाणी चालणे हीच कसोटी धरली होती. घोट्याच्या सांध्याच्या निकालाला आपल्याकडे असेच स्वतःचे माप लागणार आहे, आणि ते बनवण्याचे काम इथल्या सर्जनांनी आणि फिजिओथेरपिस्टांनी हाती घ्यायला हवे.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो तरुण रुग्णांकडून येतो: आत्ता सांधा बदलू, निकामी झाला की मग फ्यूजन करू. बोलायला हे सोपे आहे. निकामी सांधा काढला की तिथे मोठी पोकळी राहते. ती भरायला कमरेच्या हाडाचा किंवा दात्याच्या हाडाचा मोठा तुकडा लागतो, बहुतेक वेळा टाचेपर्यंत जाणारी लांब सळई घालून खालचा सांधाही जोडावा लागतो, आणि हाड न जुळण्याचे प्रमाण पहिल्यांदाच केलेल्या फ्यूजनपेक्षा जास्त असते. उलट दिशेचा रस्ताही अस्तित्वात आहे. हिंटरमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दुखणारे 30 जुळलेले घोटे पुन्हा उघडून त्यांत सांधा बसवल्याचे निकाल दिले आणि बहुतेकांची वेदना कमी झाली. पण ते काम अतिशय अनुभवी हातांचे आहे आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे हाड पूर्वीच काढून टाकले असेल तर जवळजवळ अशक्य. पस्तिशीतल्या माणसाने ही दुसरी शस्त्रक्रिया मनात धरूनच पहिलीचा निर्णय घ्यावा, आणि पहिली करणाऱ्या सर्जननेही दुसरीसाठी हाड आणि वाट राखून ठेवावी.

या साऱ्यातून काही करण्यासारखे निघत असेल तर ते नोंदीचे काम. स्वीडनने नोंद ठेवली म्हणून खरे आकडे कळले, ब्रिटनने 2010 पासून घोट्यांची नोंद सुरू केली म्हणून टारव्हासारख्या चाचणीचा निकाल देशभरातल्या आकड्यांशी ताडून पाहता येतो. भारतात खुबा आणि गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेने स्वेच्छेने नोंदणी चालवली आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची कमाल किंमत ठरवली, तेव्हा सरकारही या क्षेत्रात लक्ष घालू शकते हे दिसले. घोट्यांची संख्या आज कमी आहे, आणि नोंद सुरू करण्याची हीच वेळ आहे. संख्या वाढल्यावर मागचे आकडे गोळा करता येत नाहीत. राज्यातल्या सर्जनांनी बसवलेल्या प्रत्येक घोट्याची, आणि केलेल्या प्रत्येक फ्यूजनचीही, नाव गुप्त ठेवून एकाच ठिकाणी नोंद करावी. त्यात सांधा निघाला की नाही एवढेच नको. रुग्ण किती चालतो, कसा बसतो, रात्री झोपतो का, हेही असावे. तोवर घोटा बदलण्याचा सल्ला मिळालेल्या वाचकाला माझी विनंती अशी. सर्जनला विचारा की आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी किती पुन्हा उघडाव्या लागल्या. फ्यूजन माझ्यासाठी का नको, हेही विचारा. जो सर्जन या प्रश्नांना शांतपणे आणि आकड्यांनिशी उत्तर देतो, त्याच्याकडेच जा.